स्टेरॉइडची गोळी, वाढलेलं वजन आणि रात्री अकराची भूक

पत्र

नमस्कार मॅडम,
माझं वय ४३. मिरजेला राहते, घरीच ब्लाउज शिवते. गेल्या वर्षी बोटं आणि मनगटं सुजायला लागली, सकाळी तासभर मूठच वळायची नाही. तपासण्या केल्या तर ऱ्हुमॅटॉइड संधिवात निघाला. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, रोज हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आणि रोज प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड अशा गोळ्या चालू आहेत. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅमने सुरू झालं, आता १० वर आलंय. गोळ्यांनी हात चालायला लागले, पुन्हा मशीनवर बसते, हे खरं. पण सात महिन्यांत ५८ किलोची मी ६९ ची झाले. तोंड इतकं गोल झालंय की भाचीच्या साखरपुड्यात एका नातेवाईक बाईंनी ओळखलंच नाही. दुसऱ्या म्हणाल्या, "चांगलं मानवलंय की तुला!" माझेच ब्लाउज पाठीत आणि खालच्या पट्टीला बसत नाहीत, बाह्या मात्र दंडात ढिल्या झाल्यात. रात्री अकराला अशी भूक लागते की उरलेली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ल्याशिवाय झोप येत नाही. म्हणून मी संध्याकाळचं जेवण सोडलं, सोमवार-गुरुवार उपास धरले. खरं सांगायचं तर गेले पंधरा दिवस स्टेरॉइडची गोळीही एक दिवसाआड घेतेय. डॉक्टरांना सांगितलेलं नाही. सकाळी उठताना गरगरतं, ते उपासामुळे असेल. सासूबाई गुळवेल आणि ज्येष्ठमधाचा काढा देतात. उपाशीपोटी साखर तपासली, ९२ आली. वजन उतरायला काय खाऊ? आणि ही गोळी कधी सुटेल का?
(नाव छापू नये.)

उत्तर

ताई, आहाराचं सगळं सांगते, पण त्याआधी एक काम आजच करा. तुमच्या डॉक्टरांना फोन लावा आणि सांगा, "पंधरा दिवस मी गोळी एक दिवसाआड घेतेय आणि सकाळी उठताना मला गरगरतं." ते पुढचं सांगेपर्यंत गोळी चिठ्ठीवर लिहिली आहे तशीच, रोज घ्या. उलट्या सुरू झाल्या, पोटात कळा आल्या, उभं राहवेना इतका अशक्तपणा आला, ताप चढला किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली, तर फोनचीही वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा. तिथे पोचल्या पोचल्या सांगा की सात महिने स्टेरॉइड चालू आहे आणि मधे गोळ्या चुकल्या आहेत.

एवढी घाई का करते, ते सांगते. आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर एकेक छोटी ग्रंथी असते. ती रोज कॉर्टिसॉल नावाचं संप्रेरक तयार करते. पहाटे जास्त आणि रात्री अगदी कमी. रक्तदाब, रक्तातली साखर, मीठ-पाण्याचा तोल आणि आजारपणात तग धरण्याची ताकद, हे सगळं त्याच्यावर चालतं. शरीर रोज जेवढं कॉर्टिसॉल बनवतं, ते साधारण ५ मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचं असतं. तुम्ही सात महिने त्याच्या दुप्पट-चौपट बाहेरून घेताय. बाहेरून मिळतंय म्हटल्यावर या ग्रंथी आपलं काम जवळजवळ बंद करतात, आणि ते पुन्हा सुरू व्हायला आठवडे, कधी कधी महिने लागतात. तीन-चार आठवड्यांहून जास्त काळ घेतलेलं स्टेरॉइड एकदम थांबवायचं नाही, पायरी पायरीने उतरवायचं, ते याचसाठी. एक दिवसाआड गोळी घेताना मधल्या दिवशी तुमच्याकडे बाहेरचंही नसतं आणि आतलंही पुरेसं नसतं. सकाळचं गरगरणं उपासाचं असेलही, पण मला शंका गोळीची येते. डॉक्टर रक्तदाब, सोडियम आणि साखर बघून नक्की काय ते सांगतील.

त्यांना सांगायला लाज वाटत असेल तर वाटू देऊ नका. संधिवाताच्या डॉक्टरांना ही गोष्ट नवी नसते. चेहरा बदलला की बायका गोळी चुकवतात, हे त्यांना पुरतं ठाऊक असतं. उलट तुम्ही लपवलंत तर सांधे पुन्हा दुखायला लागल्यावर औषध लागू पडत नाही असं समजून ते डोस वाढवतील. तसं झालं तर तुम्हाला हवं त्याच्या नेमकं उलटं होईल.

आता या औषधाबद्दल थोडं. सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी २९ वर्षांच्या एका बाईला कॉर्टिसोन या स्टेरॉइडची इंजेक्शनं दिली. आजार तुमचाच, ऱ्हुमॅटॉइड संधिवात. अंथरुणात कूस बदलणंही जड जाणारी ती बाई काही दिवसांत चालायला लागली. १९५० साली हेंच आणि आणखी दोन संशोधकांना मिळून नोबेल मिळालं. पण मोठ्या डोसांनी चेहरे गोल होतात, सूज येते, मनावर परिणाम होतो, हेही डॉक्टरांना त्या पहिल्या वर्षांतच दिसलं होतं. पंचाहत्तर वर्षं झाली तरी हे औषध असंच आहे, दोन्ही बाजूंनी जोरकस. हे अशासाठी सांगितलं की तुमचं वजन तुम्ही खादाड झालात म्हणून वाढलेलं नाही. पत्रात तुम्ही दोनदा "माझंच तोंड आवरत नाही" असं लिहिलंय, ती वाक्यं मी छापलेली नाहीत. ती खरी नाहीत.

मग ११ किलो आले कुठून? भूक हे एक कारण. स्टेरॉइड मेंदूतली भूक खवळवतं आणि ती भूक गोड, तळलेलं आणि पिठूळ पदार्थच मागते. दुसरं पाणी. मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात आणि मिठासोबत पाणी थांबतं. संध्याकाळी नडगीवर अंगठा दाबून बघा. खळगा पडून राहिला तर त्यातलं बरंच वजन पाण्याचं आहे. तिसरं म्हणजे चरबीची जागा बदलते. हातापायांवरची कमी होऊन ती गालांवर, मानेच्या मागे, पोटावर आणि पाठीवर साठते.

आणि चौथी गोष्ट तुम्ही स्वतःच लिहिलीत, बहुतेक तिचं महत्त्व लक्षात न येता. बाह्या दंडात ढिल्या झाल्यात. तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं वाक्य ते आहे. अकरा किलो वजन वाढलेल्या बाईचे दंड बारीक झाले, याचा अर्थ आतला स्नायू झिजतोय. स्टेरॉइड स्नायूतली प्रथिनं मोडतं, आणि त्याचा फटका खांद्याजवळच्या आणि मांड्यांच्या स्नायूंना आधी बसतो. पाटावरून उठताना हात टेकावा लागतो का? जिना चढताना कठडा धरता का? वरच्या फळीवरचा डबा काढताना हात भरून येतो का? यातलं एकाचंही उत्तर हो असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

म्हणून तुमच्या प्रश्नाला मी थोडं वळण देते. वजन उतरायला काय खाऊ, असं तुम्ही विचारता. मी म्हणेन, पुढचे काही महिने काट्यावरचा आकडा उतरवायच्या मागे लागू नका. तो आहे तिथे थांबवा, आणि स्नायू आणि हाडं सांभाळा. उपाशी राहून वजन उतरवायला गेलात तर चरबीबरोबर स्नायूही जातील. गोळी त्यांना झिजवतेच आहे, तुम्ही तिला आणखी हातभार लावाल. दोनदाच जेवायची पद्धत आपल्याकडे घरोघरी पोचली आहे, कुणाला मानवतही असेल. पण स्टेरॉइड चालू असताना, स्नायू उतरत असताना आणि गरगरत असताना ती तुमच्यासाठी नाही.

संध्याकाळचं जेवण आजपासून पुन्हा सुरू करा. रात्री अकराची ती भूक निम्मी तर जेवण बंद केल्यानेच आली आहे. सात-साडेसातला नीट जेवा आणि त्या जेवणात डाळ, उसळ, अंडं, पनीर, मासा यांतलं काहीतरी भरपूर असू द्या. भूक सगळ्यात जास्त वेळ थोपवतात ती प्रथिनं. गोळी किती वाजता घेता, ते तुम्ही लिहिलेलं नाही. ती सकाळी नाश्त्यानंतर घ्यायची. शरीराचं स्वतःचं कॉर्टिसॉलही पहाटे-सकाळीच वर असतं. दुपारी उशिरा किंवा रात्री घेतलेली गोळी झोप उडवते, आणि जागं राहिलं की भूक लागतेच. तुमच्या डॉक्टरांनी मुद्दाम वेगळी वेळ दिली असेल तर मात्र त्यांना विचारूनच बदला. एवढं करूनही रात्री पोटात कालवलं तर कपभर गरम दूध, साखर न घालता, थोडी हळद किंवा जायफळ घालून. नाहीतर वाटीभर दही. शेंगदाण्याची चटणी वाईट नाही, पण ती भाकरीबरोबर मोजून खायची. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम शेंगदाण्यांत १७० च्या आसपास कॅलरी असतात आणि रात्री अकराला कुणी मूठ मोजत नाही.

प्रथिनांचा हिशेब सोपा ठेवू. तुमचं मूळ वजन ५८ धरलं तर दिवसाला ५५ ते ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर आकडा बदलतो, तेवढं डॉक्टरांकडून विचारून घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम, घट्ट उसळीच्या वाटीत ७-८, दुधाच्या मोठ्या पेल्यात ६-७, वाटीभर दह्यात ४-५, भाकरीत ३-४. चिकन किंवा मासा खात असाल तर शिजलेल्या १०० ग्रॅममधून २० च्या वरच मिळतात. आपल्या घरांत मेख असते ती वरणाची. भातावर ओतायचं पातळ वरण हे निम्म्याहून जास्त पाणीच असतं. आमटी करा पण डाळ दाट ठेवा. मटकी, मूग, मसूर, चवळी, हुलगे आलटून पालटून भिजत घाला. पाटवड्यांना तेल बरंच लागतं, पिठलं कमी तेलात होतं आणि बेसनातून प्रथिनं मिळतात.

तुमच्या भागात ज्वारीची भाकरी रोजची आहे. ती तशीच राहू द्या, तिला काढून ओट्स आणायचं काही कारण नाही. जेवताना आधी काकडी, मुळा, गाजर, कोबी यांपैकी जे असेल ते वाटीभर, मग उसळ आणि पालेभाजी, मग एक किंवा दीड भाकरी, आणि भात घ्यायचाच तर शेवटी अर्धी वाटी. क्रम एवढा बदलला तरी भाकरी आपोआप कमी लागते. चहातली साखर कमी करत करत बंद करा. मशीनवर बसल्या बसल्या दिवसात चार-पाच कप होत असतील तर साखरेचा मोठा वाटा तिथेच असतो. चहाबरोबरची खारी, टोस्ट आणि बिस्किटं घरात आणूच नका. समोर असेल तर स्टेरॉइडची भूक ऐकत नाही, त्यामुळे डबा भरून ठेवून मन आवरायचा प्रयत्न करण्यापेक्षा डबा रिकामाच बरा. त्या जागी फुटाणे, भाजलेले मखाणे किंवा ताक असू द्या.

मिठाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण चेहऱ्यावरची आणि पायांवरची सूज याच बाजूने सगळ्यात लवकर उतरते. दिवसभरात सगळं मिळून ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट चहाचा चमचा, एवढंच निरोगी माणसानेही खावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तुम्ही त्याच्याही आतच राहायला हवं. पण नुसतं भाजीतलं मीठ कमी करून भागत नाही, पानाची डावी बाजूही बघायला हवी. लोणच्याची फोड, पापड, सांडगी मिरची, कुरडई, खारवलेली मिरची, शेंगदाण्याच्या चटणीतलं मीठ, ताकात घातलेलं चिमूटभर आणि वर भाकरीच्या पिठातलं. पापडात मिठाशिवाय पापडखार असतो, त्यातही मिठातलं सोडियमच. फरसाण, शेव, भडंग, पाकिटातल्या शेवया आणि सूप, सुकट-बोंबील, सगळं त्याच यादीत. पोट जड झालं की पाण्यात टाकून प्यायची फसफसणारी पावडर, तीही सोडियमचीच. आणि सैंधव हेसुद्धा मीठच आहे. उपासाला चालतं म्हणून सूज येणार नाही, असं होत नाही. कमी सोडियमचं म्हणून जे मीठ मिळतं त्यात पोटॅशियम असतं. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील किंवा मूत्रपिंड कमजोर असेल तर ते धोक्याचं ठरतं, म्हणून विचारल्याशिवाय आणू नका.

चव राखायला लिंबू, आमसूल, चिंच, आलं, लसूण, कोथिंबीर, ओवा, जिरं, मिरी आहेतच. भाकरीच्या पिठातलं मीठ उद्याच बंद करा, दोन दिवसांत जाणवेनासं होईल. जवस किंवा कारळ्याची चटणी मीठ अगदी नावाला घालून, लसूण आणि आमसूल वाढवून करून बघा. बाकी भाज्यांचं मीठ हळूहळू उतरवा, घरचे कुरकुरणार नाहीत. दोन आठवड्यांनी सकाळी आरशात बघा, डोळ्यांखालची फुगवटी उतरलेली दिसेल. उलट दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन चढलं, पाय टम्म झाले किंवा झोपल्यावर दम लागला, तर ते जेवणाचं नाही. लगेच डॉक्टर.

साखर ९२ आली म्हणून तुम्ही निर्धास्त आहात, तिथे थोडं थांबा. सकाळी घेतलेलं प्रेडनिसोलोन साखर वाढवतं ती दुपारी आणि संध्याकाळी. दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत ती खाली येते, म्हणून उपाशीपोटीची साखर छान दिसू शकते. तुम्ही तपासायला हवी ती दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी. १४० च्या वर गेली तर डॉक्टरांना दाखवा. तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणीही, एचबीएवनसी, करून घ्या. खूप तहान, सारखी लघवी किंवा चष्म्याचा नंबर एकाएकी बदलल्यासारखं वाटणं यांपैकी काही असेल तर आजच्याच फोनमध्ये सांगा.

उपासाबद्दल. माझा सल्ला असा की गोळी १० च्या आसपास आहे आणि गरगरतंय तोवर सोमवार-गुरुवारचे उपास थांबवा. देवाला औषधाचं कारण सांगून उपास सोडायची रीत आपल्याकडे आहेच, सासूबाईही त्याला नाही म्हणणार नाहीत. चतुर्थी किंवा आषाढी मोडवत नसेल तर निर्जळ नाही आणि साबुदाणाही नाही. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नसतातच, सगळा स्टार्च. वर तूप, शेंगदाणे आणि बटाटा. दुपारी ती खिचडी आणि वर गोळीचा जोर, त्या दिवशी साखर तपासलीत तर तुम्हीच दचकाल. त्याऐवजी वरीचा भात आणि दाण्याची पातळ आमटी, राजगिऱ्याची भाकरी, दही, दूध, ताक, एखादं फळ. आणि गोळी उपाशीपोटी कधीच नाही, आधी थोडं तरी खायचं. मेडिकलमधून दुखण्याची गोळी मनाने आणून स्टेरॉइडबरोबर घेऊ नका, जठराला व्रण पडायची भीती त्या जोडीने खूपच वाढते.

सासूबाईंचा काढा त्या मायेने देतात. तरीही तो बंद करा, आणि त्यांना कारण नीट समजावून सांगा. ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात कॉर्टिसॉल मोडण्याच्या कामात अडथळा आणतो. त्याने मीठ-पाणी आणखी साठतं, रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम उतरतं. म्हणजे गोळीचे जे त्रास तुम्हाला नकोत, तेच ज्येष्ठमध वाढवतं. खोकल्याच्या अनेक काढ्यांत आणि गोळ्यांतही ते असतं, तेव्हा बाटलीवरचं वाचून घ्या. गुळवेल प्रतिकारशक्ती चेतवते असं म्हणतात. तुमच्या आजारात प्रतिकारशक्तीच आपल्या सांध्यांवर उलटलेली आहे आणि तिला शांत करायला तर गोळ्या चालू आहेत. शिवाय २०२० मध्ये कोव्हिडच्या काळात गुळवेलीचे काढे घेतलेल्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी नोंदवलं आहे, आणि तुमच्या मेथोट्रेक्सेटचा भारही यकृतावरच असतो. संधिवातावर म्हणून विकली जाणारी, घटक न छापलेली चूर्णं तर हातातच घेऊ नका. अशांत चोरून स्टेरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलं आहे. सासूबाईंच्या हातचं काही हवंच असेल तर नाचणीची आंबील मागा, ताकातली, मीठ कमी घालून.

नाचणीचं नाव मुद्दाम घेतलं. स्टेरॉइड हाडांमधलं कॅल्शियम कमी करतं, आणि झीज सगळ्यात वेगाने होते ती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत. तुमचे सात झालेत. दिवसाला १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. १०० ग्रॅम नाचणीत साडेतीनशेच्या आसपास असतं, दुधाच्या २०० मिलिलिटर पेल्यात २४० च्या जवळपास, आणि मोठा चमचाभर तिळात शंभरच्या आसपास. नाचणीच्या दोन भाकऱ्या, दोन वेळा दूध किंवा दही, तिळाची चटणी आणि राजगिऱ्याची किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, एवढ्यात बरंचसं भरतं. उरलेल्यासाठी आणि ड जीवनसत्त्वासाठी गोळी लागेल का, हाडांची डेक्सा तपासणी कधी करायची, हे डॉक्टरांना विचाराच. सात महिने झाले तरी हा विषय निघाला नसेल तर तुम्ही काढा.

व्यायामाचं थोडक्यात. खुर्चीवर बसायचं, हात छातीशी घडी घालायचे आणि हात न टेकता उठायचं, पुन्हा बसायचं. सुरुवातीला पाच वेळा, दिवसातून तीनदा. जमलं की दहा. तुमच्या मांड्यांसाठी याहून चांगलं काही नाही आणि मशीनजवळच्या खुर्चीवरच होतं. दंडासाठी अर्धा लिटर पाण्याची बाटली, मनगट दुखत नसेल त्या दिवशीच. दोन्ही जेवणांनंतर पंधरा मिनिटं चाला, साखरेसाठी ते मोलाचं आहे. सांधा लाल, गरम झाला असेल तर त्या दिवशी त्याला विश्रांती. आणि हे सगळं गरगरणं थांबल्यावर, आज नाही.

माप घ्यायची टेप तुमच्या गळ्यातच असते. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभं राहा, ठरावीक वारी, सकाळी. त्याच दिवशी कंबर आणि दंड मोजून वहीत लिहा. कंबर थांबली आणि दंड वाढला, तर वजन हललं नाही तरी तुमचं बरोबर चाललंय. डोस ५-७ च्या खाली आला की भूक हळूहळू शांत होते. चेहरा त्यानंतर काही महिन्यांत उतरतो, बहुतेकांचा पुरता उतरतो. पोटावरची चरबी हट्टी असते, तिला जास्त वेळ लागतो, आणि तोवर टिकवलेला स्नायूच तिथे कामाला येतो. "मानवलंय" म्हणणाऱ्या बाईंना "औषधाची सूज आहे, डोस कमी झाला की उतरेल" एवढं सांगून विषय बदला. त्याहून जास्त खुलासा तुम्ही कुणाला देणं लागत नाही. पण त्या एका वाक्यापायी रात्र रात्र झोप उडत असेल, रडू येत असेल, चिडचिड होत असेल, तर त्यातलं काही स्टेरॉइडचंही असतं. तेही लक्षण आहे आणि तेही डॉक्टरांना सांगायचं.

गोळी सुटेल का, याचं उत्तर तुमचे सांधे आणि तुमचे डॉक्टर देतील. पण या आजारात स्टेरॉइड कायमचं द्यायचं, असा उपचाराचा बेत सहसा नसतो. मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांना जोर धरायला आठवडे ते महिने लागतात. तोवर हात चालावेत म्हणून प्रेडनिसोलोन, आणि मग ते उतरवत न्यायचं. म्हणून पुढच्या भेटीत नेमकं विचारा. पुढची पायरी किती मिलिग्रॅमची आणि कधी? उतरवताना दुखलं तर काय करायचं? मेथोट्रेक्सेट पुरेसं लागू पडतंय का, की त्याला दुसऱ्या औषधाची जोड लागेल? डोळे कधी तपासायचे? स्टेरॉइडने मोतीबिंदू आणि डोळ्यांतला दाब वाढू शकतो, हायड्रॉक्सिक्लोरोक्विनसाठीही डोळ्यांची तपासणी लागते. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, ठरल्या वारीच घेता ना, तेही त्यांच्यासमोर एकदा पक्कं करून घ्या. आणि ताप, उलट्या-जुलाब, दात काढणं किंवा ऑपरेशन असेल तेव्हा गोळी किती वाढवायची, ते एका कागदावर लिहून मागा. तो कागद आणि औषधांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा, त्याचा फोटो मिस्टरांच्या मोबाइलमध्ये असू द्या. फोनवर काय ठरलं आणि दुपारची साखर किती आली, ते मला कळवा.